गाडी हातात देणारे अप्पा

अप्पा माणसांना नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. कोल्हापुरात मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला त्यांच्या ट्रान्सपोर्टची मोकळी जागा होती. फाटकातून आत शिरलं की कानावर पडायचं, "कागल कुठं गेलं बघा रे," "गारगोटीला म्हणावं आधी जेव, मग गाडी लाव," "ए हुपरी, पायात पैंजण घातल्यात काय लेका? दाब की क्लच." हुपरी म्हणजे चांदीच्या पैंजणांचं गाव. तिथला तो ड्रायव्हर लाजून हसायचा, आणि बाकीचे ड्रायव्हर त्याच्या पायाकडं बघून छुम छुम असा आवाज काढायचे. माझे वडील राधानगरीच्या बाजूचे, म्हणून ते 'राधानगरी'. आम्ही त्यांना दादा म्हणतो. त्या जागेत मात्र त्यांना कुणी शंकर म्हटल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.

अप्पांचं खरं नाव शिवाप्पा. आडनाव मुद्दाम लिहीत नाही. घराणं सीमेकडचं, आधी गुळाच्या व्यापारातलं, मग लॉऱ्यांच्या धंद्यात आलेलं. घरात कानडी, बाहेर मराठी. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात बिनइस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि शर्टाच्या खिशात सदैव फुटाणे. ऑफिसात त्यांच्यासाठी गोल फिरणारी खुर्ची होती, पण तिच्यात मी त्यांना क्वचितच पाहिलं. ते बाहेर एका जुन्या टायरवर बसायचे. तिथूनच भरणाऱ्या गाड्यांकडं बघायचे, तिथूनच ओरडायचे, तिथंच चहा प्यायचे. कुणी काही मागायला आलं, रजा, बदली, मुलाच्या शाळेसाठी शब्द, तर पूर्ण ऐकून घ्यायचे आणि दोनच शब्द म्हणायचे, "बगू की." नवीन माणूस नाराज व्हायचा. जुने त्याला बाजूला घेऊन सांगायचे, "अप्पा बगू की म्हणाले न्हवं? मग झालं तुझं काम." आणि खरोखरच व्हायचं.

मी त्यांच्याबद्दल लिहावं की नाही, हे बरेच दिवस ठरत नव्हतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि त्यात अप्पांचा हात आहे. आमच्या घरावर जे आलं त्यातही त्यांचाच हात आहे. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, म्हणून जमेल तसं सांगते.

माझ्या लहानपणी, म्हणजे नव्वद सालानंतरच्या काळात, आमच्या गल्लीत फोन नव्हता. ड्रायव्हर लोक गाडी घेऊन गुजरातकडं गेले की कुठल्या तरी गावातून ऑफिसला फोन करायचे. त्यामुळं दादा बाहेर असले की आई आम्हा भावंडांना घेऊन अप्पांच्या ऑफिसात जाऊन बसायची. तिच्यासारख्या आणखी दोघीतिघी असायच्या. भिंतीला लागून एक लाकडी बाक होता, तो आमच्यासाठीच ठेवलेला. फोन वाजला की अप्पा उठून घ्यायचे. स्वतःचं बोलणं दोन वाक्यांत संपवायचे आणि रिसीव्हर त्या बाईच्या हातात द्यायचे. "बोला वैनी. घाई करू नका. तिकडचं बिल माझं हाय." मग स्वतः बाहेर टायरवर जाऊन बसायचे, म्हणजे तिला नवऱ्याशी नीट बोलता यावं. माझी आई फोनवर बोलायला शिकली ती त्या ऑफिसात. सुरुवातीला ती रिसीव्हरकडं नुसतं बघत राहायची. अप्पा दारातून म्हणायचे, "वैनी, तो आतनं भाईर येणार न्हाय. तुम्ही बोला."

फोन आला नाही तर आई विचारायची, "अप्पा, गाडी कुठं असंल?"

अप्पांचं उत्तर ठरलेलं असायचं. "गाडी उभी हाय वैनी. माल खाली व्हायचाय. नंबर लागला की सुटंल."

गाडी खरोखर उभी असो, बंद पडलेली असो, नाहीतर तिचा पत्ताच नसो, उत्तर हेच. सगळ्या बायकांना ते माहीत होतं, आणि तरी ते ऐकल्यावर बरं वाटायचं. एकदा खंबाटकी घाटात गारगोटीच्या ड्रायव्हरची गाडी कलंडली. त्याच्या पायाचं हाड मोडलं. त्याची बायको बाकावर आमच्या शेजारीच बसली होती. अप्पांनी फोन ठेवला, तिला म्हणाले, "गाडी उभी हाय," तिच्या पोरांच्या मुठीत फुटाणे भरले आणि समोर उभ्या असलेल्या लॉरीत बसून निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्याला प्लास्टर घातलेल्या पायानिशी घरी आणून कॉटवर झोपवलं, आणि मग तिला सांगितलं काय झालं ते. ती बाई नंतर कितीतरी दिवस हे सांगत होती. "मला रात्रभर झोप लागू दिली बगा त्यांनी," म्हणायची. कुणालाही त्यात खोटं बोलणं दिसलं नाही. मलाही दिसलं नाही.

आणखी एक रीत होती. ती दुसऱ्या ट्रान्सपोर्टात होती की नाही, मला माहीत नाही. दादा म्हणतात, फक्त अप्पांकडं होती. माल भरून, दोर आवळून गाडी फाटकाकडं निघाली की अप्पा टायरवरून उठायचे. ड्रायव्हरच्या बाजूच्या पायरीवर चढायचे. स्टिअरिंगवर ड्रायव्हरचा हात असायचा, त्यावर आपला हात ठेवायचे आणि म्हणायचे, "घे. आता गाडी तुझी. परत येस्तोवर मला इचारू नको." मग उतरून दारावर थाप मारायचे. या थापेशिवाय गाडी हलायची नाही.

याला तिथली माणसं 'गाडी हातात देणं' म्हणत. गाडी ज्याच्या हातात दिली, ती परत येईपर्यंत तोच तिचा धनी. वाटेत त्यानं दुसऱ्या ड्रायव्हरला चालवायला दिली, आणि त्या दुसऱ्यानं कुठं धडकवली, तरी जाब पहिल्यानंच द्यायचा. असं एकदा झालंही होतं. कागलच्या ड्रायव्हरबरोबर गेलेल्या जोडीदारानं एका गोडाऊनचं गेट वाकवलं. परत आल्यावर कागलचा स्वतः पुढं होऊन म्हणाला, "अप्पा, गेट मी वाकीवलं." अप्पांना खरं काय ते ठाऊक होतं. ते इतकंच म्हणाले, "तूच वाकीवलंस. गाडी तुझ्याच हातात हुती." कागलचा पुढच्या फेरीत वेल्डरला घेऊन गेला आणि ते गेट सरळ करून आला. हे सांगताना दादांच्या आवाजात एक प्रकारचा अभिमान असायचा. लोक नोकरी करतात, आम्हाला मात्र गाडी हातात मिळते, असा काहीसा.

माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा मी तो आधी अप्पांना दाखवायला गेले, कारण दादा बाहेरगावी होते आणि त्यांचा फोन तिथंच येणार होता. अप्पांनी चष्मा लावून मार्कलिस्ट वरपासून खालपर्यंत वाचली. मग टायरवर उभे राहिले. म्हणजे खरंच त्या टायरवर चढून उभे राहिले, आणि ओरडले, "भरणं थांबवा रे. हिकडं या सगळी." हमाल, ड्रायव्हर, मिस्त्री, सगळे गोळा झाले. मला पळून जावंसं वाटत होतं. अप्पा म्हणाले, "ही राधानगरीची लेक. गणितात बगा किती पडल्यात. तुमच्यातल्या कुणाला पाढं येत्यात काय?" हुपरीचा म्हणाला, "अप्पा, तुमास्नी येत्यात का पण?" अप्पा म्हणाले, "मला न्हाईत येत. म्हणून तर तुमच्यासारखी माणसं संबाळतोय." सगळे हसले. संध्याकाळी दादांचा फोन आला तेव्हा रिसीव्हर आईला देण्याआधी अप्पाच बोलले. "हिला कॉलेजात घालायची. लगीन-बिगीन काढलंस तर गाडी हातात देणार न्हाय." दादांच्या मनात माझ्या लग्नाचं होतं, हे मला त्या वेळी माहीत नव्हतं. नंतर आईनं सांगितलं.

अप्पांना एकच मुलगा, राजू. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. शिक्षणात मन नव्हतं, गाड्यांत होतं. अप्पांच्या सांगण्यावरून दादांनीच त्याला त्या मोकळ्या जागेत रिकामी लॉरी शिकवली. हात चांगला बसला होता, असं दादा म्हणायचे. पण अवजड गाडीचं लायसन्स त्याच्याकडं नव्हतं, आणि तो ते काढायचं पुढं ढकलत होता.

मी अकरावीत होते. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीतून ओतीव लोखंडाचं कास्टिंग भरून आलेली गाडी बेळगावला जायची होती. अप्पांनी नेहमीसारखी पायरीवर चढून दादांच्या हातात दिली. राजू शेजारी बसला होता, बेळगावला त्याचं काही काम होतं. निपाणी मागं पडल्यावर तो म्हणाला, "काका, घाट येईस्तोवर द्या की मला. सरळ रस्ता हाय." दादांनी दिली. मालकाचा मुलगा, स्वतः शिकवलेला, दुपारची वेळ, मोकळा रस्ता.

ऊस भरलेल्या एका ट्रॅक्टरला ओलांडताना समोरून मोपेडवर एक माणूस आला. राजूनं ब्रेक दाबला, पण कास्टिंगचं वजन मागून ढकलत होतं. तो माणूस त्याच आठवड्यात दवाखान्यात वारला. त्याचं नाव आम्हाला कोर्टात कळलं. त्याला दोन लहान मुलं होती. हे लिहिल्याशिवाय पुढं जाणं मला बरोबर वाटत नाही.

गर्दी जमायच्या आत दादांनी राजूला खाली उतरवलं, कोल्हापूरकडं जाणाऱ्या एका जीपमध्ये बसवलं आणि स्वतः स्टिअरिंगवर जाऊन बसले. अप्पांना फोन करून विचारलं नाही. अप्पांनी त्यांना असं करायला सांगितलं नव्हतं, हे मी मुद्दाम लिहिते. पोलिस आले तेव्हा दादा म्हणाले, "गाडी माझ्या हातात हुती." त्यांच्या दृष्टीनं ते खरंच होतं. आपण खोटं बोललो, असं त्यांना तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई मला घेऊन ऑफिसात गेली. गाडी एव्हाना परतायला हवी होती. अप्पा त्या दिवशी टायरवर नव्हते, आत खुर्चीत होते. आईला बघून उठले.

"अप्पा, गाडी आली न्हाय."

"गाडी उभी हाय वैनी," अप्पा म्हणाले. "माल खाली व्हायचाय. बेळगावला गर्दी हाय."

आई घरी आली आणि स्वयंपाकाला लागली. संध्याकाळी कागलच्या ड्रायव्हरची बायको आली आणि तिच्याकडून कळलं की दादा पोलिस कोठडीत आहेत. आईनं तवा खाली उतरवला. मग म्हणाली, "मन राखायला बोलले असतील."

दादा जामिनावर सुटले तेव्हा अप्पा स्वतः आणायला गेले होते. आमच्या दारात त्यांनी दादांचे दोन्ही हात धरले आणि त्यांचे डोळे भरून आले. ते खोटे नव्हते, एवढं मी खात्रीनं सांगू शकते, मी अगदी जवळ उभी होते. म्हणाले, "तू माझं घर राखलंस. वकील माझा. केस माझी. तू काय बी काळजी करू नको." दादा म्हणाले, "केस मिटली की गाडी द्या म्हणजे झालं." अप्पा म्हणाले, "बगू की."

आम्हाला हायसं वाटलं.

केस चालू झाली. सुरुवातीला तारखेला अप्पांची गाडी आमच्या दारात यायची. मग अप्पा म्हणाले, तुम्ही एसटीनं पुढं व्हा, मी वकिलाला घेऊन येतो. मग फक्त वकील यायला लागले. दादांच्या लॉरीवर दुसरा ड्रायव्हर बसला. दादा रोज ऑफिसात जायचे, दोर आवळायला मदत करायचे, इतर गाड्यांची निघायची वेळ झाली की बाजूला होऊन उभे राहायचे. आईनं विचारलं की म्हणायचे, "केस हाय तवर हातात कशी देतील? बरोबर हाय त्यांचं." मग एक दिवस हमालांच्या बोलण्यातून कळलं की अपघाताच्या वेळी त्या गाडीचा विमा संपलेला होता. मेलेल्या माणसाच्या घरच्यांना भरपाई द्यायची ती आता कंपनी देणार नव्हती, मालकालाच द्यावी लागणार होती. दादांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "अप्पा बगतील."

कोर्ट सीमेच्या पलीकडचं, कारण अपघात तिकडच्या हद्दीत झाला होता. भरपाईच्या दाव्यात अप्पांची साक्ष होती त्या दिवशी दादा, आई आणि मी, तिघंही गेलो. दादांनी आईला मुद्दाम बरोबर घेतलं, कारण आईचं आजोळ कानडी, तिला ती भाषा कळते. दादांना 'बा', 'होगु', 'ऊट', म्हणजे ये, जा, जेवण, एवढीच कानडी यायची, रस्त्यावर लागते तेवढी. मला तेवढीसुद्धा नाही.

अप्पा पिंजऱ्यात उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट होता. त्यांच्या वकिलांनी कानडीत विचारलं, अप्पांनी कानडीत उत्तर दिलं. हळू आवाजात, एकेक शब्द वेगळा करून. त्यांना मराठी चांगली यायची, कोर्टात मराठीतून बोलणारेही होते. त्यांनी कानडी निवडली ती कोर्टाची भाषा म्हणून, की दादा समोर बसले होते म्हणून, हे मला कळलेलं नाही. मधेच मला 'शंकर दत्तू पाटील' असं ऐकू आलं. अप्पांच्या तोंडून दादांचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

दादा थोडे पुढं वाकून बसले होते. चेहऱ्यावर हलकं हसू होतं. आपल्याबद्दल चांगलं बोलणं चाललंय असं समजून माणूस बसतो, तसे.

आईनं माझा हात धरला होता. तो एकदम घट्ट झाला.

"काय म्हणाले?" दादांनी विचारलं.

आई पिंजऱ्याकडंच बघत होती.

"सांग की. काय म्हणाले?"

"म्हणत्यात, त्या दिवशी मी ह्याला गाडी दिलीच न्हवती. न इचारता घेऊन गेला."

"असं कसं म्हणतील?" दादा म्हणाले. "नीट ऐक की जरा."

आईनं पुढचं नीट ऐकलं. राजू त्या दिवशी घरी आजारी होता, असंही अप्पा म्हणाले. गाडी बेळगावला जायची होती ती दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर, असं म्हणाले. हे सगळं आईनं आम्हाला तिथं सांगितलं नाही, एसटी स्टँडवर सांगितलं. दादा ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "हात ठेवला न्हवता म्हणाले?" आई म्हणाली, "तसं कुणी इचारलं न्हाय त्यास्नी. दिली न्हवती, एवढंच."

त्यांच्या वकिलानं तसं सांगायला लावलं असेल. मालकाच्या परवानगीशिवाय गाडी नेली असेल तर मालकावर बोजा येत नाही, असं काहीतरी होतं, आमच्या कॉलेजातल्या एका सरांनी मला नंतर समजावून सांगितलं. कायदा मला समजला. पण अप्पा हे बोलले तेव्हा त्यांचा आवाज गारगोटीच्या बायकोशी बोलतानासारखा होता. मऊ, समजूत घालणारा. गाडी उभी हाय वैनी. तोच आवाज. तो मी इतकी वर्षं त्या बाकावर बसून ऐकला होता, आणि त्याचं कौतुकही केलं होतं.

मी दादांना म्हटलं, आता तरी खरं सांगा, राजू चालवत होता म्हणून सांगा. दादा म्हणाले, "आता सांगितलं तर मी दोनदा खोटा." 

शिक्षा फार मोठी झाली नाही. लायसन्स काही काळ गेलं आणि परत मिळालं. पण ते घेऊन दादा दुसऱ्या ट्रान्सपोर्टवाल्यांकडं गेले तेव्हा कुणी त्यांना दारात उभं केलं नाही. अपघाताचं कुणाला काही वाटत नव्हतं, अपघात सगळ्यांकडून होतात. पण मालकाला न विचारता गाडी नेणारा ड्रायव्हर, ही गोष्ट वेगळी. त्याला चोरच म्हणतात. कागलचा ड्रायव्हर तेवढा एकदा घरी येऊन म्हणाला, "आमी सगळ्यांनी बगितलंय, अप्पा पायरीवर चढलेलं." दादा म्हणाले, "मग जाऊन सांग की कुणाला तरी." तो खाली बघत बसला. त्याला त्याची गाडी हातात हवी होती. त्याचा मला राग आला नाही. चहा पिऊन तो गेला.

आता दादा शिरोलीतल्या एका कारखान्याच्या गेटवर असतात. लॉऱ्या आल्या की गेट उघडतात, गेल्या की लावतात. कुणी ड्रायव्हर मागं घेताना चुकला की त्यांचे दोन्ही हात आपोआप हवेत फिरतात. ओळखीचे ड्रायव्हर हॉर्न वाजवतात. दादा हात वर करतात. अप्पांबद्दल ते घरात वाईट बोलत नाहीत. चांगलंही बोलत नाहीत. टीव्हीवर लॉरीची जाहिरात लागली तर उठून पाणी प्यायला जातात.

मी अप्पांना शेवटचं पाहिलं ते मागच्या वर्षी, एसटीत. मैत्रिणीच्या साखरपुड्याला हुपरीला गेले होते, तिथून परत येत होते. वाटेतल्या एका स्टॉपवर एक म्हातारा माणूस पिशवी घेऊन चढला आणि माझ्या शेजारी बसला. अंग उतरलं होतं, भस्माचे पट्टे होते म्हणून ओळखले. ट्रान्सपोर्ट आता राजूच बघतो आणि अप्पांना तिथं फारसं कुणी विचारत नाही, असं कानावर आलं होतं. त्यांनी मला ओळखलं नाही. खिडकी थोडी उघडायला सांगितली, मग सहज विचारलं, "कॉलेजला असतीस काय?"

"हो."

"कुणाची गं तू?"

मला काहीही सांगता आलं असतं. मी म्हणाले, "शंकर दत्तू पाटलांची."

त्यांनी समोरच्या सीटची दांडी धरली. मला वाटलं उठून दुसरीकडं जातील. मग म्हणाले, "त्याच्यासारखा ड्रायव्हर मला परत गावला न्हाय, अव्वा. गुजरातला जाऊ दे न्हाय तर मद्रासला. डोळं झाकून त्याच्याकडं गाडी द्यावी. त्या दिवशी बी तशीच दिलेली."

हे ते मराठीत बोलले. आजूबाजूला आठ-दहा माणसं होती, पण कुणाचंच लक्ष नव्हतं.

 भांडायचं खूप काही मनात होतं, इतक्या वर्षांचं. ते सगळं राहिलं. मी म्हणाले, "अप्पा, हे एवढं घरी येऊन दादांना सांगाल? दुसऱ्या कुणाला नको. फक्त त्यांना."

"सांगतो की," ते लगेच म्हणाले. "का न्हाय सांगायचं? रविवारी येतो. सकाळीच येतो. घर तेच हाय न्हवं?"

आम्ही घर बदललं होतं. मी त्यांना पत्ता सांगितला. पाण्याच्या टाकीपासून डावीकडं, मग पिठाच्या गिरणीसमोरचा बोळ. त्यांनी तो माझ्यामागून म्हणून दाखवला. टाकी, डावीकडं, गिरणी, बोळ. "आईला म्हणावं, काय करू नको. नुसता च्या." माझ्या डोक्यावर हात ठेवला. 

स्टँडवर ते माझ्या आधी उतरले. मी खिडकीतून बघत होते. एका रिक्षावाल्यापाशी जाऊन त्यांनी काहीतरी म्हटलं. तो तरुण मुलगा आधी मान हलवून नको म्हणत होता. अप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणखी काही बोलले, आणि तो मोठ्यानं हसला. त्यानं स्वतः खाली उतरून पिशवी घेतली, अप्पांना धरून आत बसवलं, त्यांचं धोतर चाकात येईल म्हणून नीट सारून दिलं. मग रिक्षा निघून गेली.

घरी मी कुणाला काही सांगितलं नाही. दादांना आधी सांगितलं असतं तर त्यांना तयारी करावी लागली असती, आणि त्यांनी अप्पांसाठी पुन्हा तयारी करावी असं मला वाटत नव्हतं.

रविवारी मी लवकर उठले. दारापुढचं झाडून काढलं. दूध जास्तीचं आणलं. दादांचा धुतलेला शर्ट काढून खुंटीला लावला. बोळाच्या तोंडाशी दोनदा जाऊन आले, तिथून गिरणी दिसते. आई माझ्याकडं बघत होती. दादांना दुपारची ड्युटी होती. त्यांनी जेवण केलं, खुंटीवरचा शर्ट घातला, डबा घेतला. चपला पायात सरकवता सरकवता थांबले.

"कोण येणार हुतं काय गं?"

"न्हाय," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं जरा वेळ पाहिलं आणि निघाले. दार मी लगेच लावलं नाही.